कारण विचारून या

“तुमच्या पहिल्या बायकोला विचारून या, ती का निघून गेली ते. ती जे सांगेल ते जसंच्या तसं मला येऊन सांगा. मग मी हो की नाही ते सांगते.”

वैजयंती हे इतक्या साध्या आवाजात म्हणाली, की मी आधी नुसती मान हलवली. काय म्हणाली ते नंतर डोक्यात शिरलं.

आम्ही विट्याला तिच्या भावाच्या घरामागच्या पडवीत बसलो होतो. मार्च महिना होता. समोर बाजेवर कुरडया वाळत घातल्या होत्या आणि बोलता बोलता ती हातानं चिमण्या हाकलत होती. आतल्या खोलीत तिचा भाऊ, वहिनी आणि माझी मावशी मुद्दाम मोठमोठ्यानं उसाच्या गप्पा मारत होते. दोघांचंही दुसरं लग्न, तेव्हा दहा मिनिटं एकमेकांशी बोलून घ्यावं, असं ठरलं होतं. त्यातली तीन-चार मिनिटं हवापाण्यात गेली होती.

“कारण कागदावर आहे,” मी म्हणालो. “परस्परसंमतीनं झालंय सगळं. स्वभाव जुळले नाहीत.”

“ते कोर्टाला सांगितलेलं. मी खरं विचारतेय.”

“खरं म्हणजे... मला माहीत नाही.”

“म्हणून तर विचारून या म्हणतेय.”

१९९४ सालची ही गोष्ट. मी तेव्हा पस्तिशीचा होतो. कराडला पाटबंधारे खात्यात शाखा अभियंता होतो. हेमाचं आणि माझं लग्न चार वर्षं टिकलं होतं आणि ते मोडूनही पाच वर्षं होत आली होती. आमच्या घरात दारू नव्हती, मारहाण नव्हती, सासू-सासऱ्यांचा जाच नव्हता. चार वर्षांत आमचं एकही भांडण झालं नाही. एका मंगळवारी मी कचेरीतून आलो तर पुढच्या खोलीत तिचा भाऊ बसलेला आणि दाराशी दोन बॅगा. “मी जाते,” हेमा म्हणाली. मी विचारलं, “रिक्षा आणू का?”

हे मी पुढं पुष्कळांना सांगितलं. बायको सोडून जात असतानाही मी किती समजूतदारपणे वागलो, याचा दाखला म्हणून सांगायचो.

परतीच्या बसमध्ये मावशी फणफणत होती. “असली कसली रे अट? आपण मुलगी बघायला गेलो का झडती द्यायला? सोडून दे शशिकांता. टेलिफोनवर काम करणाऱ्या बायका, दिवसभर दुसऱ्याच्या तारा जोडायच्या. सवयच लागते नाक खुपसायची.”

वैजयंती विट्याच्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये ऑपरेटर होती. वय बत्तीस. सांगलीला दिली होती, दीड वर्षात माहेरी परत आली. ‘तिकडचे लोक बरोबर नव्हते’ एवढंच मावशीला कळलं होतं आणि मीही जास्त विचारलं नव्हतं. विचारणं माझ्या स्वभावात नव्हतं. याआधी मी दोन ठिकाणी जाऊन आलो होतो. तिथं घर स्वतःचं का, दारू पिता का, बदली कुठं होईल, असले प्रश्न झाले होते. पाच वर्षं मी जो प्रश्न बाजूला सारून ठेवला होता, त्यावर नेमकं बोट ठेवणारी ही पहिलीच. आणि खरं सांगायचं तर चिमण्या हाकलताना तिच्या मनगटाची जी हालचाल व्हायची, ती मला कराड येईपर्यंत दिसत होती.

हेमाचा पत्ता तिच्या भावाकडून मिळाला. तिनं दुसरं लग्न केलं होतं, चिपळूणला होती. मी एक आंतर्देशीय पत्र लिहिलं. त्यात सगळं सरळ लिहिलं, अटीसकट. आठवड्यात पोस्टकार्ड आलं. “रविवारी या. जेवायलाच या. हे घरी असतील. हेमा.”

चिपळूणच्या बाहेर त्यांची रोपवाटिका होती. कंपाउंडला करवंदीचं कुंपण, आत आंब्या-काजूच्या कलमांच्या काळ्या पिशव्यांच्या रांगा. हेमाचा नवरा सुभाष कदम फाटकाशी उभा होता. हाताला माती, म्हणून त्यानं कोपरानंच नमस्कारासारखं काहीतरी केलं. “या साहेब. घाट कसा होता?” मी ठीक होता म्हणालो. घाटात मला दोनदा उलटी झाली होती.

हेमा अंगानं भरली होती. तिच्या कडेवर अडीच वर्षांची मुलगी होती. तिनं माझ्याकडे बघितलं, “वाळलात,” म्हणाली आणि पानं घ्यायला आत गेली. जेवताना कदमच बोलत होता, कलमं कशी बांधतात, कुठल्या महिन्यात बांधायची. जेवण झाल्यावर त्यानं मुलीला खांद्यावर टाकलं आणि म्हणाला, “हिला झोपवतो आणि पाणी सोडून येतो. तुमचं चालू द्या.” जणू आम्ही हिशेबनीस होतो आणि वर्षाचं काम तुंबलं होतं.

आम्ही ओटीवर बसलो. हेमा आधी हसली.

“हुशार दिसते बाई. दिसायला कशी आहे?”

“बरी आहे.”

“बघा! अजून तसंच. बरी आहे! आवडली का?”

“हो.”

“मग आवडली म्हणा की.”

“आवडली,” मी म्हणालो. मला घाम आला.

हेमानं सुपारी कातरायला घेतली. तिला पूर्वी ती सवय नव्हती.

“तिला सांगण्यासारखं कारण देऊ, का खरं देऊ?”

“दोन आहेत?”

“दोन असतातच.”

“खरं दे.”

“मग ऐका.” तिनं अडकित्ता खाली ठेवला. “लग्नाला वर्ष झालं असेल. मी आमटीत मुद्दाम मूठभर मीठ टाकलं होतं. एकदा नाही, तीनदा. तुम्ही काय म्हणता ते बघायला. तुम्ही काही म्हणाला नाहीत. जेवलात आणि उठलात. तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं, की ह्या माणसाचं आपल्याकडं लक्षच नाही. समोर दगड वाढला तरी खाईल. तुम्हाला आठवणारही नाही.”

“आठवतं,” मी म्हणालो.

“काय आठवतं?”

“तिन्ही वेळा. तिसऱ्या वेळी कटाची आमटी होती.”

ती माझ्याकडे बघतच राहिली. तिचा चेहरा हळूहळू लाल झाला. मला वाटलं होतं तिला बरं वाटेल. लक्ष नव्हतं असं नाही, हे कळून तिचा एक गैरसमज तरी दूर होईल.

“तुम्हाला कळत होतं?”

“हो.”

“कळत होतं आणि गप्प गिळत होता?” तिचा आवाज चढला. “अहो, मग हे तर जास्त वाईट! मी आपली समजत होते, माणूस आंधळा आहे, बहिरा आहे, त्याला काय करणार. तुम्ही सगळं बघत होता आणि मला एकटीला बोंबलत ठेवलंत? का?”

हे मी आधी कुणाला सांगितलं नव्हतं. आईला सांगायची गरज नव्हती, तिनं ते माझ्याहून जवळून बघितलं होतं.

“आमचे वडील ताट भिरकावायचे,” मी म्हणालो. “मीठ कमी पडलं, भाकरी करपली, काहीही. भिंतीवर डाग असायचे. त्यांचा आवाज चढला की मी मोरीत जाऊन बसायचो. नऊ वर्षांचा असताना ठरवलं, आपल्या घरात जेवणाला नाव ठेवायचं नाही आणि आवाज चढवायचा नाही. एवढंच.”

“हे मला का नाही सांगितलं?”

“तू विचारलं नाहीस.”

“तुम्ही विचारू दिलंत कधी? काही विचारलं की ‘ठीक आहे’. डोकं दुखतंय का, ठीक आहे. कुणी काही बोललं का, ठीक आहे. ठीक आहेच्या पुढं दार नव्हतंच तुमच्या घराला.”

मी ओटीवर पडलेलं सुपारीचं खांड उचलून तिच्यापुढं ठेवलं.

“आणि मी काही मिठासाठी गेले नाही,” ती जरा वेळानं म्हणाली. आता तिचा आवाज खाली आला होता. “तिसऱ्या वर्षी दिवस गेले होते, ते पडलं. तेव्हा तुम्ही सगळं केलंत. डॉक्टर, गाडी, माझ्या आईला आणायला माणूस. टॉनिकच्या बाटल्या ओळीनं मांडून वर चिठ्ठ्या लावल्यात, सकाळी, दुपारी, संध्याकाळी. माझी आई म्हणाली, असा नवरा मिळत नाही. चौथ्या दिवशी तुम्ही कामावर गेलात. संध्याकाळी आलात तेव्हा मी विचारलं, तुम्हाला वाईट वाटलं का? तुम्ही काय म्हणालात?”

“पुढच्या वेळी काही अडचण येणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलंय म्हणालो.”

“बरोबर. शब्दन् शब्द बरोबर.” ती बाहेर कलमांच्या रांगांकडे बघत होती. “त्या दिवशी मी गेले. नंतर वर्षभर राहिले ते नुसती राहिले.”

मी म्हणालो, “त्या दिवशी मी कामावर गेलो नव्हतो.”

“म्हणजे?”

“जीप घेऊन निघालो. शिपायाला वाटेत उतरवलं. पुढं कालव्याच्या काठाला बाभळीखाली गाडी लावली आणि पाच वाजेपर्यंत तिथंच बसलो. डबा उघडला नाही. रुमाल ओला झाला म्हणून तो कालव्यात पिळला, ते आठवतं. घरी यायच्या आधी तोंड धुतलं.”

आत मुलगी कुरकुरली आणि परत शांत झाली.

“किती लांब होतं ते आपल्या क्वार्टरपासून?”

“पाच मैल असेल.”

“मी घरात पालथी पडून रडत होते दिवसभर. आईला दिसू नये म्हणून तोंडात पदर घालून.” ती थांबली. “पाच मैलांवर तुम्ही. आणि संध्याकाळी येऊन मला डॉक्टर काय म्हणाले ते सांगितलंत.”

“मला वाटलं, मी रडलो तर तू खचशील.”

“मी एकटी रडून खचले,” ती म्हणाली. मग पदरानं डोळे पुसून तिनं अडकित्ता उचलला. “तिला हे सांगा. कारण हेच. दुसरं नाही.”

तेवढ्यात मागून पाण्याचा आवाज आला आणि हेमा उठून ओरडली, “अहो, पाइप कुठं सोडलाय? लहान पिशव्या वाहून चालल्या!” पलीकडून कदम ओरडला, “मग तू बघायचं होतंस! मी काय चार हातांचा आहे?” “सकाळपासून सांगतेय, तोटी गळतेय!” “सांगतेयस तर दुरुस्त कर!” हेमा पदर खोचून तिकडे धावली आणि दोघं चिखलात उभे राहून पाच मिनिटं भांडले. मग त्याला कशाचं तरी हसू आलं आणि तिनं त्याच्या पाठीत एक धपाटा घातला. मी ओटीवर बसून ते बघत होतो.

कदमनं मला त्याच्या एम-एटी मोपेडवरून स्टँडवर सोडलं. वाटेत वाऱ्यात ओरडून म्हणाला, “साहेब, लग्न झालं तेव्हा ही दर चार दिवसांनी भांडण उकरून काढायची. मी म्हटलं, बाई, तुला पाहिजे काय? तर म्हणाली, काही नाही, बघते, तुम्ही बोलता का.”

पुढच्या रविवारी मी विट्याला गेलो, एकटाच. मावशीला सांगितलं नव्हतं. वैजयंतीच्या भावाला आश्चर्य वाटलं, पण त्यानं बसायला खुर्ची दिली आणि बाजारात जातो म्हणून निघून गेला. वहिनी आत दळण निवडत होती. आम्ही पुन्हा त्याच पडवीत.

मी सगळं सांगितलं. मीठ, ताटं, मोरी, टॉनिकच्या चिठ्ठ्या, बाभळ. मोजणीचा अहवाल वाचावा तसं सांगितलं. शेवटी तिनं विचारलं, “तिला परत बघून काय वाटलं?”

इथं ‘काही नाही’ म्हणणं सोपं होतं. ते जिभेवर आलंही होतं.

“ती तिथं एकटी असती तर मी राहिलो असतो,” मी म्हणालो.

वैजयंतीचा हात गुडघ्यावरून खाली आला. “हे मला सांगायची काय गरज होती?”

“तुम्ही विचारलंत.”

“विचारलं म्हणून सगळं ओकायचं? मी इथं तीन आठवडे तुमची वाट बघतेय!” ती एकदम उठली, आत गेली, आणि मला वाटलं, संपलं. मी चपला घालायला वाकलो. ती पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली, तो माझ्यासमोर आदळला आणि परत बसली. पाणी अर्धं सांडलं.

“जाताय कुठं? बसा.”

मी बसलो.

“मी पण गेले होते,” ती म्हणाली. “सांगलीला. घरी परत पाठवल्यावर सहा महिन्यांनी. मला दिवाळीला म्हणून माहेरी आणून सोडलं होतं आणि न्यायला कुणी आलंच नाही. पत्र नाही, फोन नाही. मी एक्सचेंजमध्ये काम करते, आणि मला फोन नाही. मग मीच गेले. म्हटलं, नांदवू नका, पण काय चुकलं तेवढं सांगा. त्याच्या भावानं दारातूनच सांगितलं, तो गावाला गेलाय. त्याच्या चपला दारात होत्या. मीच घेऊन दिलेल्या.” तिनं बाजेवरची एक कुरडई उचलली, मोडली, तुकडे तिथंच ठेवले. “सात वर्षं झाली. रोज सकाळी केस विंचरताना नवीन कारण सापडतं. रंग असेल. घोरत असेन. त्याच्या आईसमोर मोठ्यानं हसले असेन. तुम्हाला पाठवलं ते तुमची परीक्षा घ्यायला नाही. विचारलं तर खरंच कुणी सांगतं का, ते मला बघायचं होतं.”

“सांगतात,” मी म्हणालो.

“मग पुढच्या रविवारी माझ्याबरोबर चला. वर मी एकटीच जाईन. तुम्ही फक्त खाली थांबा.”

आम्ही गेलो. सांगलीला एका पेठेत दुमजली घर होतं. समोर रसवंती होती, तिथं मी बाकड्यावर बसलो. घुंगरांच्या आवाजात वरचं काही ऐकू येणं शक्य नव्हतं, तरी मी कान लावून होतो. तिनं जिना चढताना एकदाही मागं बघितलं नाही. या वेळी दार उघडलं. गंजिफ्रॉकमधला, पोट सुटलेला एक माणूस मला अर्धा दिसला. मी रस मागवला आणि तो तसाच राहिला.

वीस मिनिटांनी ती खाली आली. चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. स्टँडपर्यंत आम्ही चालत गेलो. ती काही सांगेना, आणि मी, नेहमीप्रमाणे, विचारीना. फलाटाशी आल्यावर मी स्वतःला ढकलून विचारलं.

“काय म्हणाला?”

“आधी ओळखलं नाही त्यानं. मग चहा घे म्हणाला. घेतला.”

“आणि कारण?”

“कारण असं काही नव्हतं म्हणाला. आईचं आणि तुझं पटत नव्हतं. तू वाईट नव्हतीस. पण रोज घरात कुरबुर. मला वाद नको होता, म्हणाला.” ती माझ्याकडे वळली. “एवढंच. सात वर्षं मी आरशात बघत होते आणि त्याला फक्त वाद नको होता.”

“मग बरं झालं ना,” मी म्हणालो. “तुमची काही चूक नव्हती हे तरी...”

“शशिकांतराव, तो हे बोलला तेव्हा मला तुम्ही आठवलात.”

मला समजलं नाही. किंवा समजलं.

“त्यालाही वाद नको होता आणि तुम्हालाही नको असतो. तुम्ही माणूस फार चांगले आहात. खरं बोललात, चिपळूणला जाऊन आलात, आज इथवर आलात. पण मी परत अशा घरात जाणार नाही जिथं मला दुखलं की समोरचा ‘ठीक आहे’ म्हणून बाहेर पडेल. माझं उत्तर नाही असं आहे. राग मानू नका.”

“ठीक आहे,” मी म्हणालो. “विट्याची गाडी किती वाजता आहे, विचारून येतो.”

मी चौकशीच्या खिडकीपर्यंत गेलो. पुढं तीन माणसं होती. त्यांचं झालं. खिडकीतला माणूस म्हणाला, “बोला.” मी त्याच्याकडे बघत उभा राहिलो. तो परत म्हणाला, “अहो, बोला ना!” मी वळलो आणि परत आलो. ती तिथंच उभी होती, पर्स दोन्ही हातांनी धरून.

“ठीक नाही,” मी म्हणालो.

“काय?”

“ठीक नाहीये हे! तुम्ही म्हणालात चिपळूणला जा, मी गेलो. जे आईजवळ बोललो नाही, बायकोजवळ बोललो नाही, ते दोन रविवारांत दोन बायकांना सांगितलं. आणि तुम्ही त्या गंजिफ्रॉकवाल्याच्या एका वाक्यावरून मला त्याच्या दावणीला बांधताय? त्यानं दार लावून घेतलं होतं! मी उघडायला शिकतोय! वेळ लागतो त्याला, पस्तीस वर्षं गंजलंय ते!”

आवाज चढत चालला होता आणि मला तो आवरत नव्हता. एका बाईनं आपल्या पोरीला जवळ ओढलं. हमालानं बिडी खाली केली. त्या आवाजात मला एक ओळखीचा आवाज ऐकू येत होता. तो ऐकून मी मोरीत जाऊन बसायचो. तरी मी थांबलो नाही.

“अहो, लोक बघतायत!” वैजयंती म्हणाली.

“बघू दे!”

“ओरडू नका माझ्यावर!”

“ओरडणार!”

“मग नीट ओरडा!” ती माझ्याहून मोठ्यानं ओरडली. “बसचा आवाज आहे, निम्मं ऐकू येत नाही! आणि आठ दिवस कोण चिपळूणची स्वप्नं बघत होतं? ते कोण बोलणार?”

“मी स्वप्नं बघितली नाहीत! एकदा वाटलं, ते सांगितलं! पुन्हा वाटलं तर पुन्हा सांगेन!”

“सांगून बघाच!”

“आणि आवडलात तुम्ही मला!” मी म्हणालो. “पहिल्या दिवसापासून. बरी आहे असं नाही. आवडलात. हे पण मी बोललो नव्हतो.”

आमच्या समोरून विटा असा फलक लावलेली गाडी वळण घेऊन फाटकाबाहेर पडली आणि दोघांपैकी कुणीच हात केला नाही. पुढची दोन तासांनी होती.

आम्ही बाकावर बसलो, मध्ये एक माणूस मावेल एवढी जागा सोडून. हमाल अजून आमच्याकडे बघत होता. त्याला वाटलं असेल, जुनं जोडपं आहे.

बऱ्याच वेळानं मी म्हणालो, “मला भीती वाटते.”

“माझी?”

“आवाजाची. एकदा चढला आणि मग थांबलाच नाही तर? आमच्या वडिलांचा थांबायचा नाही. आई हात जोडायची, तरी थांबायचा नाही. मी का बोलत नाही ते हे आहे. वाद नको म्हणून नाही.”

तिनं माझ्याकडे नीट बघितलं. टेलिफोनवर लांबचा आवाज ऐकताना माणूस जसा मान किंचित तिरकी करून ऐकतो, तशी ती ऐकत होती.

“मी सांगेन ना,” ती म्हणाली. “आता पुरे म्हणून. सांगितल्यावर थांबाल?”

मी विचार केला. खरंच केला, उत्तर द्यायचं म्हणून दिलं नाही.

“थांबेन.”

“मग झालं तर.”

तिनं पर्स मधल्या जागेत ठेवली. मी दोन कप चहा आणला. जूनमध्ये विट्यालाच नोंदणी करून लग्न केलं. मावशी आली होती, शेवटपर्यंत कुरकुरत होती.

त्याला आता तीस वर्षं होतील. आमच्या आळीत आम्हाला भांडकुदळ म्हणतात आणि ते खोटं नाही. पण ‘आता पुरे’ असं तिला आजवर फक्त दोनदा म्हणावं लागलं. दोन्ही वेळा मी थांबलो.